सैल बोल्टावरची पिवळी रेघ : मोटरसायकल कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांना खुले पत्र

प्रति,
मोटरसायकल बनवणाऱ्या कंपन्यांचे गुणवत्ता विभागप्रमुख, जुळणी विभागप्रमुख आणि त्यांचे अधिकृत विक्रेते यांस

विषय : नव्या गाडीच्या जुळणीतले दोष आणि त्यांची न होणारी नोंद

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कंपनीला लिहिलेलं नाही. माझी नवी गाडी अर्थातच कुणा एकाच्या कारखान्यातून आली आहे. पण तिचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील आणि ती कंपनी 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा ठरावीक मजकूर पाठवून मोकळी होईल. दिलगिरी मला नकोच आहे. मला बोलायचंय ते एका रकान्याबद्दल, जो तुमच्या कुठल्याच कागदावर मला सापडला नाही. त्यासाठी आधी एक बोल्ट पाहावा लागेल.

गाडी नवीकोरी. पुढचा ब्रेक हळू वेगात दाबला की चाकाजवळून 'टक्' असा आवाज यायचा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड आपल्या जागेत किंचित सरकतात, त्यामुळे थोडाफार आवाज येतोच, हे मला माहीत आहे. पण हा आवाज जरा जास्तच ठसठशीत होता, आणि ब्रेक धरून गाडी मागेपुढे ढकलली की दोन्ही दिशांना यायचा. शेवटी गाडी स्टँडवर लावली, टॉर्च घेतला आणि कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, हातात धरून हलवून पाहिला. हलला.

कॅलिपर पुढच्या फोर्कला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. पुढचा ब्रेक दाबला की गाडी थांबवणारं बळ त्या दोन बोल्टांवर येतं, आणि थांबण्याच्या कामात मोठा वाटा पुढच्याच ब्रेकचा असतो. वरचा बोल्ट घट्ट होता. खालचा दोन बोटांनी फिरला.

दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर पिवळ्या रंगाची रेघ होती. ही रेघ कशासाठी असते ते तुम्हाला माहीतच आहे, पण हे पत्र गाडी घेणारेही वाचतील म्हणून सांगतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, आवळला की फिटर त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढतो. आवळण्याचं काम झालं, असा त्या रेघेचा अर्थ. शिवाय पुढे कधी बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि लांबूनही दिसतात. साधी, स्वस्त आणि फार हुशारीची पद्धत आहे.

माझ्या सैल बोल्टावरची रेघ मी हात लावेपर्यंत अखंड होती. जराही सरकलेली नव्हती.

सर्व्हिस सेंटरमधल्या सुपरवायझरने बघितलं न बघितलं करून सांगितलं, "व्हायब्रेशनने होतं सर, नवीन गाडीत होतंच." मी रेघ दाखवली. बोल्ट कंपनाने सैल झाला असता तर तो फिरला असता, आणि फिरला असता तर रेघ तुटली असती. ती तुटलेली नाही, म्हणजे रेघ ओढली तेव्हाही बोल्ट सैलच होता. कुणीतरी तो हाताने आत घालून ठेवला, पाना लागलाच नाही, आणि रंगाचा ब्रश मात्र वेळेवर फिरला. सुपरवायझर गप्प बसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने लगेच टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, मागवला, दोन्ही बोल्ट नीट आवळून दिले आणि चहा विचारला.

कंपनाचा मुद्दा खोटा नाही, म्हणून तो इतक्या सहज पुढे केला जातो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टला सर्वांत घातक ठरतो तो त्याच्या अक्षाला आडवा बसणारा हादरा. जोडलेले दोन भाग एकमेकांवर सरकू लागले की आट्यांमधल्या घर्षणाची पकड सुटते आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो. आजही बोल्ट टिकतो का हे तपासायला त्याच्याच नावाची चाचणी वापरतात. पण त्याच कामातून दुसरी गोष्टही निघते. बोल्टमध्ये पुरेसा ताण असेल तर ते दोन भाग सरकतच नाहीत, आणि भाग सरकले नाहीत तर बोल्ट सुटायला कारण उरत नाही. म्हणजे नव्या गाडीत व्हायब्रेशनचं नाव घेणं ही सबब होत नाही, ती बोल्ट नीट आवळला नव्हता याची कबुली होते.

इथे टॉर्क रेंचबद्दल थोडं बोलतो, कारण कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेलं की 'आमचा हात बसलेला आहे' हे वाक्य ऐकू येतं. एम-६ मापाच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर तो द्यायचा तर टोकाला सुमारे ५ किलोचा जोर पुरतो. मागच्या चाकाच्या अॅक्सलचा नट कित्येक गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तोच पाना घेतला तर टोकाला ५० किलोच्या वर जोर लावावा लागेल. एकाच माणसाने, एकाच सकाळी, हे दोन्ही नुसत्या अंदाजाने बरोबर साधायचं? जे हलकं आहे ते जास्त आवळलं जातं आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात. जे भारी आहे ते कमी आवळलं जातं. वर आणखी एक गोष्ट. आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्टला ताणण्याच्या कामी येतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलं किंवा धूळ बसली की तोच टॉर्क वेगळाच ताण देतो. बसलेल्या हाताला यातलं काय कळणार? आटे गेलेला बोल्टही शेवटपर्यंत घट्टच लागतो, आणि मग अचानक लागत नाही.

आता दुसरी तक्रार. ती मला बोल्टाइतकीच गंभीर वाटते, पण तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं की इंजिनचा आवाज चढायचा. अॅक्सिलरेटरला हात न लावता. उजवीकडे वळवलं की पुन्हा खाली. कारण निघालं ते असं, अॅक्सिलरेटरची केबल चुकीच्या वाटेने नेलेली. स्टीअरिंगच्या नळीजवळून ती ज्या बाजूने यायला हवी तिच्या उलट बाजूने, एका ब्रॅकेटच्या बाहेरून आली होती. हँडल पूर्ण वळलं की बाहेरचं आवरण ताणलं जाई आणि आतली तार ओढली जाई. सरळ रस्त्यावर या दोषाचा पत्ताही लागत नाही. तो कळतो अरुंद जागेत गाडी वळवताना, एक पाय जमिनीवर, क्लच अर्धा सोडलेला, मागे कुणी बसलेलं. अशा वेळी गाडी आपल्या मनाने पुढे झेपावली तर चालवणारा आधी स्वतःलाच दोष देतो. 'माझाच हात दबला असेल,' असं म्हणून तो पडलेली गाडी उचलतो. हा दोष तुमच्यापर्यंत तक्रार म्हणून कधी येतच नसेल, असा माझा दाट संशय आहे.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून इंजिनचा वेग बदलतो का ते पाहणं, याला अर्धं मिनिट लागतं. गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या तपासणीचा, म्हणजे तुमच्या पीडीआयचा, जो कागद मला मिळाला त्यात ही ओळ आहे. तिच्यापुढे बरोबरची खूण आहे. तशा खुणा खालपर्यंत सगळ्याच ओळींपुढे आहेत, एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या झटक्याच्या. वर मान न करता ओढल्यासारख्या. 'ब्रेक कॅलिपर माउंटिंग' या ओळीपुढेही एक आहे.

त्याच कागदावर चेनचा ढिलेपणा 'ओके' लिहिला होता. ओके म्हणजे किती मिलिमीटर? गाडीसोबत आलेल्या पुस्तकात तो मिलिमीटरमध्येच दिलेला आहे, कमाल आणि किमान. मी मोजला तर चेन किमान मर्यादेपेक्षाही ताठ होती. स्टँडवर उभ्या गाडीची चेन ताठ दिसली की ती 'छान टाइट' वाटते, आणि नेमकं तिथेच चुकतं. माणूस बसून सस्पेन्शन दबलं की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचं अॅक्सल एका रेषेत येऊ लागतात. त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. रिकाम्या गाडीवर ठेवलेला ढिलेपणा त्यासाठीच असतो. तो नसेल तर प्रत्येक खड्ड्यात चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे खेचते, आणि त्याचं बिल बेअरिंग आणि सील भरतात, वॉरंटी संपल्यानंतर कधीतरी. तेव्हा या पहिल्या दिवसाची आठवण कोण काढणार?

बाकीचं पटकन सांगून टाकतो. बॅटरीचा एक टर्मिनल सैल होता. टायरांत हवा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त होती. हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. सीटखालच्या वायरिंगच्या जुडग्याला बांधणारी एक क्लिप नव्हतीच, त्यामुळे ते जुडगं फ्रेमच्या कडेवर घासत होतं. सायलेन्सरच्या वेल्डिंगवर गंज आला होता आणि टाकीच्या रंगात धुळीचा एक कण अडकलेला आहे. या शेवटच्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या चालतील. टाकीवरचं स्टिकर मात्र अगदी रेषेत लावलेलं आहे. तेवढं जमतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर मिळालं, 'नवीन गाडी आहे, सेट होईल.' या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते धोक्याचं आहे. नव्या गाडीत बऱ्याच गोष्टी खरंच बसायला वेळ घेतात. ब्रेकचे पॅड डिस्कवर घासून त्यांचा पृष्ठभाग जुळावा लागतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसतात. क्लचची केबल थोडी ताणली जाते, चेनही सुरुवातीला थोडी वाढते, तारांची चाकं असतील तर स्पोक आपली जागा घेतात. पहिली सर्व्हिसिंग लवकर ठेवलेली असते ती यासाठीच. पण चुकीच्या बाजूने नेलेली केबल किती किलोमीटरनंतर योग्य बाजूला येते? नसलेली क्लिप कधी उगवते? पाना न लागलेला बोल्ट चालवून चालवून आवळला जातो का? जे बसायचं आहे आणि जे राहून गेलं आहे, त्यांत फरक न करणारा माणूस सर्व्हिस डेस्कवर बसवला की सगळे दोष एकाच गोणीत जातात.

आता त्या रकान्याकडे येतो.

बोल्ट आवळून झाल्यावर, केबल नीट नेल्यावर, चेन ढिली केल्यावर मला जॉबकार्डची, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदाची, प्रत मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं : 'जनरल चेकअप. ओके.' पार्ट बदललेले : निरंक. मी विचारलं, कॅलिपरचा बोल्ट सैल होता हे कुठे लिहिलंत? उत्तर मिळालं की पार्ट बदलला असता तर क्लेम टाकला असता, सिस्टिममध्ये तशी नोंद गेली असती. नुसतं आवळून दिलं, त्यात लिहिण्यासारखं काय?

मला वाटतं, सगळं घोडं इथेच पेंड खातंय. बोल्ट तुटला असता तर कारखान्याला कळलं असतं. तो तुटण्याआधी कुणीतरी आवळला, म्हणून कळलं नाही. म्हणजे ग्राहक जितका सावध, मेकॅनिक जितका चांगला, तितका तुमचा आलेख स्वच्छ. महिन्याच्या बैठकीत तुमच्यासमोर येणाऱ्या दोषांच्या तक्त्यात माझी गाडी निर्दोष आहे. ती रेघ, तो पीडीआयचा कागद आणि ते जॉबकार्ड, तिन्ही ठिकाणी कामाची खूण आहे आणि तिन्ही खुणा खोट्या आहेत. यात कुणी एकाने ठरवून खोटेपणा केला असंही नाही. प्रत्येकाने आपल्या पुढ्यातला रकाना भरला. पाट्या टाकल्या, दुसरं काय!

जबाबदारीचं म्हणाल तर कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं की अंतिम जुळणी आणि तपासणी विक्रेत्याची. विक्रेता म्हणाला की पिवळी रेघ कारखान्यातलीच, आम्ही कॅलिपरला हात लावलेला नाही. दोघांचंही खरं असू शकतं, कारण गाडीची जुळणी दोन छपरांखाली होते. कारखान्यातून ती येते तेव्हा हँडल, आरसे, बॅटरीची जोडणी, खोक्यातून येत असेल तर पुढचं चाकसुद्धा, असं काही ना काही उरलेलं असतं. कुठलं काम कुठल्या छपराखाली झालं याचा एकही कागद ग्राहकाच्या हातात नसतो. मग तो दोघांच्या मध्ये उभा राहून ईमेल लिहीत बसतो.

फिटरवर राग काढायची माझी इच्छा नाही. शोरूमच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली एक मुलगा गाड्या तयार करत असतो. महिनाअखेर आली की विक्रीचा आकडा पुरा करायचा म्हणून त्याच्यासमोर रांग लागते. गाडी घेणारा पुढे काचेआड हार घेऊन उभा असतो आणि सेल्समन दर पाच मिनिटांनी मागे येऊन 'झाली का?' विचारतो. त्या मुलाला टॉर्क रेंच दिलेला असतो का, असलाच तर तो मोजमापासाठी शेवटचा कधी तपासला, हे तुम्ही कधी जाऊन पाहिलंय? कारखान्यातली गोष्टही फार वेगळी नाही. लाइन थांबवली तर जाब विचारतात, बोल्ट राहिला तर कुणी विचारत नाही.

माणूस चुकतो, हे धरूनच काम आखावं लागतं, आणि ही काही नवी विद्या नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांच्यापुढे १९६१ साली असाच प्रश्न आला. एका कारखान्यात छोटं स्विच जुळवताना बटणाखाली दोन बारीक स्प्रिंगा घालायच्या असत, आणि कामगार कधीतरी एक विसरत. त्यांना दटावून झालं होतं, उपयोग नव्हता. शिंगोंनी सुचवलं ते इतकंच : जुळणी सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा. स्विच पूर्ण झालं आणि बशीत स्प्रिंग उरली असेल, तर चूक तिथल्या तिथे दिसते. मला मिळालेल्या गाडीत एक क्लिप नव्हती. तुमच्या लाइनवर ती क्लिप कुठल्या तरी डब्यात उरली असणार, आणि त्या डब्यात आधी किती होत्या हे कुणाला माहीत नसणार.

दुसऱ्या माणसाच्या तपासणीबद्दल विमानांच्या दुनियेतली एक घटना सांगतो. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेतच उडून गेली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान उतरवलं, कप्तान वाचला. काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. चौकशीत आढळलं की तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ठरलेल्यापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले लांबीला कमी. जुना बोल्ट हातात धरून, त्याच्याशी नजरेने जुळवून नवे घेतले होते. ते काम करणारा अननुभवी नव्हता, त्या पाळीचा तोच प्रमुख होता. आणि मुख्य म्हणजे काच बसवणं हे 'दुसऱ्याने तपासलंच पाहिजे' अशा कामांच्या यादीत नव्हतं. आपल्या गाडीच्या बाबतीत ब्रेक, दोन्ही अॅक्सल, स्टीअरिंग आणि अॅक्सिलरेटर एवढी चार कामं तरी त्या यादीत असावीत, हे मागणं फार झालं का?

गुणवत्ता घसरली तर काय होतं हे मोटरसायकलच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. हार्ले-डेव्हिडसन १९६९ मध्ये एएमएफ या उद्योगसमूहाकडे गेली, उत्पादनाचा आकडा वाढवण्यावर भर आला आणि गाड्यांच्या दर्जाची बदनामी झाली. त्याच वर्षी होंडाची सीबी ७५० बाजारात उतरली, चार सिलिंडर, बटणस्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेक घेऊन. १९८१ मध्ये हार्लेच्या तेरा अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी परत विकत घेतली आणि मग शिकायला गेले ते होंडाच्याच ओहायोतल्या कारखान्यात. तिथून परतल्यावर त्यांनी लाइनवरच्या कामगाराला स्वतःच्या कामाचं मोजमाप स्वतः ठेवायला शिकवलं आणि लागेल तेव्हाच माल आणायची पद्धत लावली. इतक्या जुन्या आणि इतक्या नावाजलेल्या कंपनीला जे करण्यात कमीपणा वाटला नाही, ते तुम्हाला का वाटावं?

माझ्या मागण्या खर्चाच्या नाहीत. पीडीआयच्या कागदावर जिथे आकडा येऊ शकतो तिथे खूण करायला जागाच ठेवू नका. चेनचा ढिलेपणा मिलिमीटरमध्ये, टायरमधली हवा आकड्यात, कॅलिपर आणि अॅक्सलचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, आणि शेजारी आवळणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, अशा दोन वेगळ्या सह्या. आकडा खोटा लिहिता येतोच, मान्य. पण खोटा आकडा लिहायला खरा आकडा माहीत असावा लागतो, आणि तेवढं माहीत असलेला माणूस बहुतेक वेळा मोजूनच टाकतो. कारखान्यात कुठलं काम झालं आणि विक्रेत्याकडे कुठलं राहिलं याची एक पानाची यादी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ग्राहकाला द्या. गाडी ताब्यात देताना पहिली पंधरा मिनिटं फोटो काढण्याऐवजी ग्राहकासमोर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, चेन मोजून दाखवा. ज्याला बघायचं नाही तो नाही बघणार. फिटरला दिवसाला किती गाड्या तयार केल्या यावर मोजणं बंद करा. त्याने तयार केलेल्या किती गाड्या पहिल्या सर्व्हिसिंगआधी परत आल्या यावर मोजा, आणि त्याची शिक्षा एकट्या त्याला करू नका. ज्याने त्याला वेळ दिला नाही, त्याचाही हिशेब मांडा.

आणि जॉबकार्डवर एक नवा रकाना काढा : 'पार्ट न बदलता दुरुस्त केलेला जुळणीदोष'. त्यात काय सैल होतं, काय चुकीच्या वाटेने नेलं होतं, काय बसवलंच नव्हतं हे चेसिस नंबरसकट लिहून कारखान्यात पोचलं पाहिजे. विक्रेत्याला त्या नोंदीमागे कामाचे पैसे द्या, नाहीतर तो लिहिणार नाही. सुरुवातीचे काही महिने तुमचे आकडे भयंकर दिसतील. वरिष्ठ विचारतील की अचानक इतके दोष कुठून आले. त्यांना सांगा की दोष आधीही होतेच, ते आवळून टाकण्याचं काम लोक फुकटात करत होते.

ग्राहकाने स्वतः पाना लावला तर वॉरंटी जाईल, ही भीती घालणंही जरा कमी करा. माझ्या ओळखीतले कितीतरी जण नवी गाडी घरी आणल्यावर आधी सगळे बोल्ट तपासतात आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्याकडे तुमच्या गाड्यांची जी माहिती आहे ती तुमच्याकडे नाही.

त्या बोल्टाचे, अखंड रेघेचे आणि केबलच्या वाटेचे फोटो माझ्याकडे आहेत. पीडीआयचा कागद आणि जॉबकार्डही जपून ठेवलंय. ज्या कंपनीची ही गाडी आहे तिच्या गुणवत्ता विभागाने मागितलं तर सगळं पाठवीन, चेसिस नंबरसकट. ग्राहकसेवेच्या कॉल सेंटरला पाठवणार नाही, तिथून आलेला दिलगिरीचा मजकूर आधीच एक पडून आहे. बाकीच्या कंपन्यांनी आपापल्या एका विक्रेत्याकडे न कळवता जावं, विक्रीला तयार म्हणून उभी असलेली कुठलीही एक गाडी निवडावी आणि तिच्यावरच्या रंगाच्या रेघा असलेल्या बोल्टांना टॉर्क रेंच लावून पाहावा. जे आकडे येतील ते जाहीर करायची तयारी असेल तर मला जरूर कळवा.

आपला,
पिवळ्या रेघेच्या गाडीचा मालक